शिळेची आवड असणाऱ्यांनी यावे

३ फेब्रुवारी

बारक्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र दारात पडतं, ते निदान पायानं तरी बाजूला सारावं लागतं. सारता सारता एखादी ओळ डोळ्याखालून गेली तरी माझं काम झालं.

भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. बाबा तुझ्याकडून परत आले ते आपल्या पायांनी आले. मी बोलावलं नव्हतं. "ताईनं तिकडून शीळ घातली की हे इकडून निघाले" असं तू चार माणसांत म्हणालास, तेही मी विसरले आहे. विसरले म्हणजे लक्षात आहे, पण बाजूला ठेवलं आहे.

काम एवढंच. बाबांची ती शीळ, दिवस मावळायला लागला की दारात उभं राहून आपल्याला खेळातून घरी बोलवायला घालायचे ती. तेवढी फोनवर घालून मला पाठव. बोलू नकोस, कशी आहेस विचारू नकोस, नुसती शीळ पाठव.

कशाला, तर मी एक मंडळ काढलं आहे. शीळ घालणाऱ्यांचं. हस पोटभर. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानामागे काचा घासायची खोली आहे, तिथे रविवारी सकाळी जमतो. मालक म्हणाले, "बाई, काचांना धक्का लागू देऊ नका, बाकी काय वाजवायचं ते वाजवा." लोकांना वेगवेगळी गाणी येतात, पण मला त्यांना ती आपली शीळ शिकवायची आहे. मला स्वतःला हल्ली नीट घालता येत नाही, दाताचं काहीतरी झालं आहे. मग मी ला-ला-ला करून दाखवते. ला-ला करून शीळ शिकवणं म्हणजे गादीवर झोपून पोहायला शिकवण्यातला प्रकार आहे. मधला तो वळसा कुणालाच पकडता येत नाही.

बाबा बरे आहेत. खातात, पितात, फिरायला जातात.

ताई


२१ फेब्रुवारी

बारक्या,

शीळ आली नाही. टपालात गहाळ झालं असेल पत्र, असं मी समजते. तसं समजण्यात माझं काही जात नाही.

तोवर पहिल्या रविवारची गंमत सांगते. दुकानाच्या काचेवर मी पाटी लावली होती, 'शिळेची आवड असणाऱ्यांनी रविवारी सकाळी यावे'. शिट्टी लिहिलं तर टवाळ पोरं येतील, नाहीतर लोकांना कुकर आठवेल, म्हणून मुद्दाम शीळ. स्वतःवर खूश होते मी.

सगळ्यात आधी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. हातात जड पिशवी. नमस्कार चमत्कार न करता टेबलावर एकेक दगड मांडायला लागले. काळा, पट्ट्यापट्ट्यांचा, एक मधून कापलेला आणि आत चमचम. मग मला म्हणाले, "तुमच्याकडे कुठल्या शिळा आहेत?"

"काका, शिळा नाही. शीळ."

"मग शिळेची म्हणजे?"

"शीळ, शिळेची."

"शिळा, शिळेची," ते म्हणाले, आणि तिथेच घोडं अडलं. दोघांचंही व्याकरण चोख होतं. कोण माघार घेणार?

एवढ्यात बेकरीवाली आली, कालच्या पावांची थैली घेऊन. पाटी तिनं वाचलीच नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की चष्म्याच्या दुकानात शिळं आवडणारे लोक जमणार आहेत. "टाकून द्यायला जिवावर येतं हो," ती म्हणाली, "म्हटलं कुणी आवडीनं खात असेल तर चांगलंच आहे."

तिसरा पंच. मैदानावर फुटबॉलचे सामने घेतो. त्याला पाटी बरोबर कळली होती, पण त्याच्या गळ्यात लोखंडाची शिट्टी आणि ओठांतून मात्र हवासुद्धा सरळ निघत नव्हती. "आजवर हीच वाजवली, तोंडाची वेळच आली नाही," म्हणाला. म्हणजे शीळमंडळाच्या पहिल्या बैठकीत एक दगडवाला, एक पाववाली, एक मुका पंच आणि मी. मी कपाळाला हात लावला. मग सगळ्यांनी मिळून ते पाव खाल्ले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. खाऊन झाल्यावर बेकरीवालीनं बोटं पुसली, दोन तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की फळीवरच्या चष्म्यांच्या चौकटी थरथरल्या. दगडवाले काका म्हणाले, "आलोच आहे तर बसतो."

आता आम्ही सात-आठ जण असतो. मालकानं अजून हाकललेलं नाही.

पण बारक्या, शीळ पाठव. मला ती लवकर हवी आहे. का, ते विचारू नकोस. तसा तू विचारणार नाहीसच म्हणा.

ताई


११ मार्च

बारक्या,

हे पत्र मी बसून लिहीत नाहीये. खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितेय, कारण इथून फाटक दिसतं. दोन ओळी लिहायच्या, फाटकाकडे बघायचं, असं चाललं आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

बाबा फिरायला जातात असं लिहिलं होतं. जातात, पण परत येत नाहीत. ऊन उतरायला लागलं की त्यांच्या पायाला भिंगरी लागते. बूट चढवतात, उलटे का असेनात, आणि चालायला लागतात. एकदा पाण्याच्या टाकीखाली सापडले. एकदा गाड्या दुरुस्त करतात त्या शेडमध्ये, मेकॅनिकशेजारी बाकावर, त्याचाच चहा पीत. कुठे निघाला होतात विचारलं की तोंड मिटून घेतात. डॉक्टर म्हणाले, डोक्यातलं घड्याळ उलटं फिरतंय, ते काही आपल्याला थांबवता येणार नाही, दाराला कुलूप घाला. घातलं. एकदाच. त्यांनी दारावर मुठी आपटल्या त्या सुजून आल्या. परत मी कुलूप घालणार नाही, आणि तूही मला ते सुचवायचं नाही.

मागून "बाबा, बाबा" अशा हाका मारल्या तर वळून बघत नाहीत. बाबा म्हणजे आपण हे त्यांच्या ध्यानातच नसतं. पण एके दिवशी चौकात एक रंगारी परातीवर उभा होता. परातीवर नव्हे, परातीवर कसा उभा राहील, परांचीवर. बघ, चित्त कुठे आहे माझं. त्या रंगाऱ्यानं खालच्या जोडीदाराला शीळ घातली, आणि भर रस्त्यात चालणारे बाबा जागच्या जागी थांबले आणि मागे वळले. त्या दिवशी माझ्या डोक्यात मंडळ आलं. छंद कसला, मला बाबांना हाक मारणारी तोंडं हवी होती. वस्तीत चार कोपऱ्यांवर चार माणसं ती शीळ घालणारी असली तर बाबा कुठेही असोत, वळतील आणि परत येतील, असा माझा हिशेब.

तूच का नाही घालत, म्हणशील. दाताचं खोटं होतं. मागच्या वर्षी एका सकाळी उठले तर अर्धा चेहरा खाली ओघळलेला. आता पुष्कळ बरं आहे, डोळा मिटतो, जेवताना सांडत नाही, गिऱ्हाइकांना कळतही नाही. पण ओठांचा चंबू होत नाही. हवा डाव्या कोपऱ्यातून निसटते. आरशापुढे फू-फू करत उभी असते मी, मेणबत्ती विझवावी तशी.

तुला कळवलं नाही, कारण तुला कीव आली असती. कीव येऊन फोन केला असतास तर मला तो उचलावा लागला असता.

फाटक वाजलं. थांब.

वाऱ्यानं वाजलं होतं.

मंडळाला मी आता खरं सांगून टाकलं आहे. मला वाटलं होतं, फसवलं म्हणून उठून जातील. पंच म्हणाला, "मग रविवार कशाला, रोज जमू." त्याला आता थोडी शीळ यायला लागली आहे, केटलीतली वाफ निघते तेवढी.

पाठव रे.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

तुझ्याविना जमवलं. निदान तसं वाटलं होतं.

मी ला-ला केलं, बेकरीवालीनं उचललं, तिच्याकडून बाकीच्यांनी. वळसा लंगडाच राहिला, पण ऐकणाऱ्याला ओळखू यावी अशी शीळ तयार झाली. परवा बाबा निघाले तसे आम्ही कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहिलो. बेकरीच्या पायरीवरून तिनं सुरुवात केली. तुझी आठवण आली मला, उगीच कशाला लपवू.

बाबा थांबले. वळले. आणि त्यांचा चेहरा असा काही लाल झाला की मी तो लहानपणानंतर पाहिलाच नव्हता.

"कोण आहे तो? माझ्या पोरांना बोलावणारा हा कोण?"

छत्री उगारून ते बेकरीच्या दिशेनं निघाले. वाटेत पंचानं वाफ सोडली, तर त्याच्याकडे वळले. "माझ्या पोरांना हाक मारायची नाही. मी आहे अजून." भला धिप्पाड पंच, रोज बावीस माणसांना दटावणारा, तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

बघ, किती साधी गोष्ट, आणि माझ्या टाळक्यात शिरली नाही. ती शीळ त्यांची आहे. त्यांना ती कुणी का घालावी? ते वाट चुकून फिरत नाहीत, बारक्या. ते आपल्याला शोधायला निघतात. त्यांच्या स्वतःच्या तोंडात आता दात नाहीत, कवळी ते लावत नाहीत, शीळ होत नाही. दारात उभं राहून बोलावता येत नाही म्हणून मग पायांनी जातात.

मी बेकरीवालीला म्हटलं, मग आपण उत्तर देऊ. तुला आठवतं ना, बोलावणं आलं की आपण जिथे असू तिथून उत्तर द्यायचो. माझं दोन टप्प्यांत वर चढणारं, तुझं घसरत खाली येणारं. माझं मी तिला शिकवलं, तिनं दुसऱ्या दिवशी गल्लीतून घातलं. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "ही ताई. ताई घरातच आहे. बारक्या कुठे आहे?"

तुझंही उत्तर करून बघितलं सगळ्यांनी. छे. तुझ्या पुढच्या दातांतल्या फटीतून जो फुस्सकारा यायचा तो कुणाच्याच तोंडातून निघेना. बाबांनी एकदाही मान वळवली नाही.

मी घरी येऊन रडले. स्वयंपाकघरात, नळ सोडून.

ताई


१६ एप्रिल

बारक्या,

आली. काल दुपारी दुकानात होते, फोन वाजला, तुझं नाव. हातातली काच खाली ठेवली तेवढी अक्कल राहिली, नाहीतर मालकांनी पगारातून कापली असती.

एक शब्द नाही. आधी कुठल्यातरी गाडीचा मागे येण्याचा आवाज, मग तू श्वास घेतलास, आणि शीळ. मी तीनदा ऐकली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू चुकला आहेस. मी मागितलं होतं बोलावणं. तू पाठवलंस उत्तर. घसरत खाली येणारं, फटीसकट.

मला आधी हसू आलं आणि मग ते कुठे गेलं कळलं नाही. तुझी तरी काय चूक? बोलावणं तू कधी घातलंच नाहीस. ती शीळ आठवायला गेलास आणि तुझ्या तोंडात आपोआप 'आलो' आलं.

मी ती मंडळाला ऐकवली. दगडवाले काका फार बोलत नाहीत, पण म्हणाले, "तुमच्या भावाला ऐकू येतंय म्हणजे." बाबांना ऐकवायच्या आधी तुला लिहावं म्हणून बसले. बसले आहे, बरं का, उभी नाही.

खूप बरं वाटलं, बारक्या. तुझं भांडण तुझ्याजवळ राहू दे, मला आत्ता बरं वाटतंय.

ताई


५ मे

बारक्या,

पुन्हा उभ्यानं.

पहिल्या दिवशी बाबा बूट घालत होते. मी फोन खिडकीत ठेवला आणि तुझी शीळ लावली. त्यांचा हात नाडीवरच थांबला. असे हसले ते, तोंडभर, बिनदातांचं. "आला," म्हणाले. बूट काढले. मला म्हणाले, "ताट वाढ त्याचं." मी आनंदानं वाढलं रे. मला वाटलं, सुटलो.

तेव्हापासून ते बाहेर पडत नाहीत. शोधायला जावं लागत नाही, कुणाच्या शेडमधून आणावं लागत नाही. दारात स्टूल घेऊन बसतात आणि रस्त्याकडे बघतात. आला म्हणजे कोपऱ्यापर्यंत तरी आलाच असणार, असं त्यांचं सरळ गणित. मी जेवायला हाक मारते. "त्याला येऊ दे. हात धुऊन येईल तो." ताट गार होतं. मग स्टुलावरच झोपी जातात. मी उचलून आत आणते, न जेवलेले. सकाळी काही आठवत नाही, संध्याकाळी मी परत फोन लावते, परत ते हसतात. अर्धे झाले आहेत. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

मंडळात यावरून वाजलं. बेकरीवाली म्हणाली, "घरात आहेत, सुखरूप आहेत, हसतात. वाजवत राहा." पंच म्हणाला, "गोल झाला नाही तर शिट्टी मारायची नाही. मी कधी मारलेली नाही." ती म्हणाली, हा काय सामना आहे का? तो म्हणाला, म्हातारा माणूस उपाशी झोपतोय, त्याला तुम्ही सुखरूप म्हणता का? दोघंही माझ्याकडे बघायला लागली. बाकीचे उगीच चौकटी पुसत बसले. बेकरीवाली थैली उचलून निघून गेली. एवढ्या खटपटीनं जमवलेली माणसं, आणि तुझ्या एका शिळेवरून मंडळ मोडायला आलं आहे.

काय करू सांग. नको, तू सांगू नकोस. तू 'इकडे पाठव' म्हणशील आणि आपण पुन्हा तिथेच येऊ.

मला माहीत आहे काय करायला हवं ते. फक्त हात होत नाही.

ताई


१९ मे

बारक्या,

तुझी शीळ मी पुसून टाकली. दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, म्हणजे रडायला वाव राहू नये.

त्या संध्याकाळी बाबांनी वाट बघितली, आवाज आला नाही, बूट घातले. मी पंचाला फोन केला होता, त्यानं बाकीच्यांना. बाबा पुढे, मी चार पावलं मागे, आणि वाटेत एकेक जण सामील होत गेला. बेकरीपाशी मी मान खाली घालून चालत होते. मागे शटर ओढल्याचा आवाज आला आणि ती माझ्या शेजारी येऊन चालायला लागली. पिठाचे हात तसेच.

बाबा मैदानाच्या कडेला जाऊन थांबले. मैदान रिकामं होतं. त्यांनी ओठ पुढे केले. नुसती हवा. पुन्हा केले. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी आपले गाल धरले, आत दाबले, आणि जोर लावला. मला ते बघवेना. मी त्यांचा हात धरायला पुढे होणार एवढ्यात बेकरीवालीला राहवलं नाही. तिनं बोलावणं घातलं.

आता छत्री येणार म्हणून पंच दोन पावलं मागे सरकला. बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडाकडे, बोटांकडे. मग म्हणाले, "मध्ये वळसा आहे. आणि अजून जरा जोरात, तो लांब गेलाय."

तिनं पुन्हा घातली. बाबांनी हातानं वळसा दाखवला, वर नेऊन खाली. तिला जमला. मग दगडवाल्या काकांनी, मग बाकीच्यांनी, पंचानं सुद्धा आपली वाफ. मी ओठ मिटून मध्ये उभी होते आणि माझ्या चारी बाजूंनी बाबांचा आवाज येत होता. आधी आम्ही त्यांना बोलावत होतो, म्हणून ते चिडले होते. आता त्यांच्या वतीनं बोलावत होतो. त्यांना तो फरक लगेच कळला.

प्रत्येक हाकेनंतर ते हात वर करून सगळ्यांना गप्प करत आणि ऐकत. अंधारायला लागलं तसे म्हणाले, "आज काही ऐकू जात नाहीये त्याला. चला, जेवून घेऊ." घरी आले, हात धुतले, जेवले. ताटात काही उरलं नाही.

तेव्हापासून रोज असंच. टाकीपर्यंत, शेडपर्यंत, मैदानाच्या कडेपर्यंत. मेकॅनिकही आता काम टाकून येतो. वरच्या मजल्यांवरून दोन-तीन खिडक्यांतून शीळ मिळते, त्या लोकांची मला ओळखही नाही. बाबा सगळ्यांना शिकवतात, कुणाचा वळसा चुकला की थांबवतात. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यांची तोंडं आठवत नाहीत, पण कोण बेसूर आहे ते बरोबर आठवतं. तू कसा दिसतोस, काय करतोस, आपलं कशावरून बिनसलं, यांतलं काही ठाऊक नसलेली दहा-बारा माणसं दिवसभराचं काम आटपून रोज तुला घरी बोलावत फिरतात. मी त्यांना थांबवणार नाही. थांबवायचं म्हटलं तरी आता ते माझं ऐकतील असं वाटत नाही.

फोनवर पुन्हा काही पाठवू नकोस. उत्तर द्यायचं असेल तर ऐकू येईल इतक्या जवळ येऊन दे.

ताई